पुकारा

सिंगापूरच्या नॅशनल गॅलरीत लोक चित्रं बघायला येतात. मला तिथली एक कोठडी बघायची होती.

भाची आठ वर्षं त्या शहरात राहते. सिटी हॉल स्टेशनातून बाहेर पडताना ती म्हणाली, "मावशी, ऊन चढायच्या आत सेंटोसाला जाऊन येऊ या ना." मी म्हटलं, "आधी कोर्ट. मग तू नेशील तिकडं येते."

हिरव्या घुमटाची, जाडजूड खांबांची ही इमारत मुळात कोर्टच. 1939 साली ती सुप्रीम कोर्ट म्हणून उघडली. शेजारच्या सिटी हॉलला जोडून तिची गॅलरी झाली ती 2015 मध्ये. 1937 साली कोनशिला बसवताना तिच्याखाली एक पेटी पुरली आणि ती सन 3000 पर्यंत उघडू नये असं ठरवलं. इंग्रजांना आपल्या राज्याची एवढी खात्री होती. पाचच वर्षांनी, 15 फेब्रुवारी 1942 ला, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं.

जुन्या कैदी-कोठड्यांपैकी दोन तिथं जपून ठेवल्या आहेत. पुकारा होईपर्यंत आरोपीनं बसायची जागा. अरुंद कोठडीच्या दाराशी मी उभी राहिले आणि नकळत हातातली पिशवी खाली ठेवली. तीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश सांगायचे, मी लिहायची. खुनाच्या खटल्यात आईची साक्ष लिहिताना हात थांबवायचा नाही, एवढं एकच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्यामुळं कोर्ट कुठलंही असो, माझं लक्ष आधी न्यायासनाखालच्या त्या छोट्या टेबलाकडं जातं. तिथं बसून कुणीतरी लिहीत असतं, म्हणूनच पुढं कुणाला काही कळतं.

या इमारतीशी माझं आणखी एक नातं होतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या एका चुलत आजीला सगळे 'सिंगापूरची आजी' म्हणत. ती कधी पुण्याच्या पुढं गेली नव्हती. तिचा नवरा 1941 साली पलटणीबरोबर बोटीत बसला, सिंगापूरहून त्याचं एक पत्र आलं आणि मग काहीच आलं नाही. लढाई संपल्यावर सरकारी कागद आला म्हणतात. पण मेलेला कुणी पाहिला नाही, म्हणून आजीनं कुंकू पुसलं नाही. नव्वदीत गेली, तेव्हाही कपाळावर ते होतं.

युद्ध संपल्यावर सिंगापुरात जपानी लष्करी अधिकाऱ्यांवर खटले चालले, हे मी नोकरीत असताना कधीतरी वाचलं. त्यातला पहिलाच खटला भारतीय सैनिकांच्या छळाचा होता, हे मात्र निवृत्तीनंतर कळलं. तेव्हाच ठरवलं होतं, एकदा ते कोर्ट बघायचं.

21 जानेवारी 1946. कॅप्टन गोझावा सादाइची आणि त्याचे नऊ साथीदार आरोपी म्हणून उभे राहिले. भारतीय युद्धकैद्यांना सिंगापूरहून जहाजात कोंडून पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर नेलं, उपाशी ठेवलं, मारहाण केली, राबवलं, असा आरोप. त्यातल्या एका सैनिकाचा तलवारीनं शिरच्छेद झाला होता. खटला 1 फेब्रुवारीपर्यंत चालला. तो शिरच्छेद करणाऱ्या लेफ्टनंट नाकामुराला फाशीची शिक्षा झाली.

हे कोर्ट नेहमीचं नव्हतं. जून 1945 मध्ये इंग्लंडच्या राजाच्या नावानं एक फर्मान निघालं होतं, त्याखाली ही लष्करी न्यायालयं बसली. एक अध्यक्ष आणि किमान दोन सदस्य, सगळे लष्करी अधिकारी. काही खटल्यांत भारतीय सेनेतले भारतीय अधिकारीही न्यायासनावर होते. पुराव्याचे नियम सैल केलेले. आमच्या कोर्टात वकील ज्याला हरकत घेऊन उठला असता असा ऐकीव पुरावा चाले, गैरहजर माणसाचं शपथपत्र चाले. निकालाची कारणं सविस्तर लिहायचं बंधन नव्हतं. वरच्या कोर्टात अपील नव्हतं, फक्त एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडं अर्ज करता येई आणि त्यानं शिक्कामोर्तब केल्याशिवाय शिक्षा अमलात येत नसे. अशा पद्धतीनं एकट्या सिंगापुरात 131 खटले चालले.

पण आरोपीला वकील होता. जपानी वकील, आणि त्याला इंग्रजी कायदा समजावून द्यायला ब्रिटिश अधिकारी. गोझावाच्या बचावाला उभा राहिलेला कॉलिन स्लीमन हा तरुण इंग्रज कायदेपंडित पुढच्या एका मोठ्या खटल्यात सरकारी बाजूनं उभा होता. त्या दिवसांतली छायाचित्रं पाहिली की आरोपींच्या छातीवर क्रमांकाच्या पाट्या दिसतात, आणि दुभाषे दिसतात. साक्ष एका भाषेत, प्रश्न दुसऱ्या, आरोपीचं उत्तर तिसऱ्या. दुभाष्यावाचून तिथं पान हलत नसे. माझ्यासारखं कुणीतरी तिथंही कागदावर वाकून बसलं असणार.

हा खटला आपल्याकडं कुणाच्या ध्यानात का राहिला नाही, याचं उत्तर तारखांमध्ये आहे. 5 नोव्हेंबरपासून 31 डिसेंबर 1945 पर्यंत दिल्लीच्या लाल किल्ल्यात दुसरं लष्करी कोर्ट बसलं होतं. आरोपी आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन. बचावाला भुलाभाई देसाई. सगळा देश त्या तिघांसाठी रस्त्यावर आला होता. जानेवारीच्या सुरुवातीला त्यांची शिक्षा माफ झाली आणि अठराच दिवसांनी सिंगापूरचा खटला उभा राहिला. पुढच्या महिन्यात मुंबईत नौसैनिकांनी बंड केलं. दिल्लीत इंग्रज भारतीय अधिकाऱ्यांचा न्याय करत होते आणि इकडं सिंगापुरात तेच इंग्रज भारतीय शिपायांना न्याय देत होते. गुलाम देशाच्या वर्तमानपत्रांना दिल्लीच जवळची वाटली. त्यात गैर काही नाही. पण त्या गर्दीत पलाऊचे कैदी हरवले ते कायमचेच.

दुपारी आम्ही फॅरर पार्कला उतरलो. मुस्तफा सेंटरला जाणारी मराठी मंडळी याच स्टेशनावर उतरतात. 17 फेब्रुवारी 1942 ला इथल्या मैदानावर सुमारे 45,000 भारतीय सैनिक गोळा केले होते. इंग्रज अधिकाऱ्यांपासून वेगळं काढून त्यांना जपानी मेजर फुजिवाराच्या ताब्यात दिलं गेलं. कॅप्टन मोहनसिंगांनी तिथंच स्वतंत्र भारताच्या फौजेत या म्हणून साद घातली. हजारो गेले. पुढं नेताजी आले. आपल्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले याच शहरात आझाद हिंद सेनेचे मोठे सेनाधिकारी झाले आणि स्वातंत्र्यानंतर लोकसभेत बसले. त्यांचा अभिमान मला लहानपणापासून आहे.

पण गेले नाहीत तेही हजारो होते. कुणाला घेतलेली शपथ मोडवेना, कुणाचा जपान्यांवर विश्वास बसेना, कुणाला फक्त घरी जायचं होतं. त्यातल्या कित्येकांना जहाजांत भरून न्यू गिनी, न्यू ब्रिटन, पलाऊ इथं हमाली करायला पाठवलं. तिथं भूक, मलेरिया आणि काठी. नंतर खटल्यांत बचावाचा एक मुद्दा वारंवार येई: ही माणसं युद्धकैदी नव्हतीच, जपानी सैन्यात कामाला लागलेली होती, त्यामुळं त्यांना आमच्या सैन्याची शिस्त लागू. म्हणजे ज्यांनी 'नाही' म्हटलं, त्यांनी 'हो' म्हटलं असं दाखवायचं आणि मग मारहाणीला शिस्त म्हणायचं.

न्यू ब्रिटनमधल्या राबाउलला ऑस्ट्रेलियाच्या लष्करी कोर्टात जुलै 1946 मध्ये चाललेला तानाका चुइचीचा खटला मला विसरता येत नाही. त्यानं आणि त्याच्या दोन साथीदारांनी शीख कैद्यांना खांबाला बांधून मारलं, त्यांचे केस आणि दाढ्या कापल्या, तोंडात सिगारेट कोंबली. कोर्टानं ऐकून घेतलं आणि शिक्षा दिली. माणसाच्या धर्माची, त्याच्या अंगावरच्या श्रद्धेची विटंबना हाही युद्धातला गुन्हा आहे, हे कुठल्यातरी दूरच्या बेटावर, एका साध्या शिपायाच्या साक्षीवरून कागदावर आलं. माझ्या लेखी हे फार मोठं आहे.

संध्याकाळी ऑर्चर्ड रोडवर लखलखाट होता. भाचीनं वायएमसीएची इमारत दाखवली. आता नवी आहे. जुन्या इमारतीत जपानी लष्करी पोलिसांचं, केंपेईताईचं, ठाणं होतं. सप्टेंबर 1943 मध्ये 'क्रेट' नावाच्या छोट्या बोटीतून आलेल्या ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन कमांडोंनी बंदरातली जहाजं उडवली. जपान्यांना वाटलं, चांगीच्या कैदेतल्या नागरिकांनीच बातमी पुरवली. 10 ऑक्टोबरपासून धरपकड सुरू झाली. 57 जणांना नेलं, त्यातले 15 मेले. एलिझाबेथ चॉय ही शिक्षिका कैद्यांना अन्न आणि पैसे पोचवत असे, एवढाच तिचा गुन्हा. जवळजवळ दोनशे दिवस ती त्या कोठडीत होती, तिला विजेचे झटके दिले. युद्धानंतर तिनं छळ करणाऱ्यांच्या फाशीची मागणी केली नाही. युद्धच वाईट, असं तिचं म्हणणं होतं.

या धरपकडीचा आणि छळाचा पुढं खटला झाला. त्यात 21 आरोपी होते. आठ जणांना फाशी, तिघांना जन्मठेप, तिघांना मुदतीची कैद, आणि सात जण निर्दोष. हा शेवटचा आकडा मी दोनदा वाचला. सूडच घ्यायचा असता तर सात जण घरी गेले नसते.

दुसऱ्या दिवशी बीच रोडवर, युद्धात मारल्या गेलेल्या नागरिकांच्या स्मारकाशी गेलो. चार पांढरे खांब. चिनी, मलय, भारतीय आणि युरेशियन, असे चार समाज. 15 फेब्रुवारी 1967 ला ली क्वान यू यांनी ते खुलं केलं. खाली सहाशेवर कलशांत अस्थी आहेत. 1962 साली सिग्लापला घरं बांधायला जमीन खोदताना हाडं निघाली आणि शहराची वीस वर्षं दाबलेली जखम उघडी पडली.

ती जखम सूक चिंगची. शहर पडल्यावर तीनच दिवसांनी जपान्यांनी चिनी पुरुषांना रांगेत उभं करून निवडायला सुरुवात केली. ज्यांच्यावर संशय, त्यांना लॉरीत घालून समुद्रकिनाऱ्यावर नेलं आणि मशिनगननं मारलं. जपानी बाजूचा आकडा पाच हजारांच्या आसपास. चिनी समाजाचा पंचवीस ते पन्नास हजार. सेंटोसाला तेव्हा ब्लाकांग माती म्हणत. तिथल्या किनाऱ्यावर वाहून आलेली सुमारे तीनशे प्रेतं कैदेतल्या ब्रिटिश तोफखान्याच्या सैनिकांनी पुरली. हे सांगितल्यावर भाची थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, मी तिथं किती वेळा गेलेय."

या कत्तलीचा खटला 1947 च्या मार्चमध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल हॉलमध्ये चालला. गॅलरीपासून चालत पाच मिनिटांवर. आता तिथं वाद्यवृंदाचे कार्यक्रम होतात. सात अधिकारी आरोपी, दोघांना फाशी: जनरल कावामुरा आणि लेफ्टनंट कर्नल ओइशी. पाच जणांना जन्मठेप. मेलेल्यांच्या घरच्यांना हा न्याय अपुरा वाटला आणि त्यांची बाजू समजते. कारण हुकूम देणाऱ्यांपैकी जनरल यामाशिताला त्याआधीच फिलिपिन्समधल्या अत्याचारांसाठी फाशी झाली होती, सिंगापूरचा जाब त्याला कुणी विचारलाच नाही. आणि कत्तलीची आखणी करणारा कर्नल त्सुजी मासानोबू भिक्खूच्या वेषात निसटला, धोका टळल्यावर जपानला परतला आणि 1952 साली चक्क संसदेत निवडून गेला. जन्मठेप झालेल्या जनरल निशिमुराला मात्र दुसऱ्या गुन्ह्यानं गाठलं. जानेवारी 1942 मध्ये मलायातल्या पारित सुलाँग इथं मागं राहिलेल्या सुमारे 110 ऑस्ट्रेलियन आणि 40 भारतीय जखमींना ठार मारलं होतं. त्याबद्दल ऑस्ट्रेलियानं त्याच्यावर मानुस बेटावर खटला चालवला आणि 1951 साली फासावर दिलं.

जेत्यांचा न्याय, असं या खटल्यांना म्हणतात. टोकियोच्या मोठ्या खटल्यात अकरा न्यायाधीशांपैकी आपले राधाबिनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवलं, ते काहीसं याच भूमिकेतून. अत्याचार झाले हे त्यांनीही नाकारलं नव्हतं. त्यांचे प्रश्न खरेच आहेत. हरलेल्यांनाच पिंजऱ्यात उभं केलं, हे खरं. अपील नव्हतं, हे खरं. मोठे सुटले आणि ज्यांचा चेहरा कैद्यांनी रोज पाहिला होता ते पहारेकरी सापडले, हेही खरं. त्यात जपाननं वसाहतीतून भरती केलेले कोरियन होते. वेगवेगळ्या देशांच्या कोर्टांनी अशा 148 कोरियनांना दोषी ठरवलं आणि 23 जणांना मारलं.

हे सगळं मान्य करूनही, तीस वर्षं साक्षी लिहिलेल्या बाईला जे वाटतं ते सांगते. खटला झाला नसता तर काय झालं असतं? 1945 च्या सप्टेंबरात पकडलेल्या अधिकाऱ्यांना भिंतीशी उभं करून गोळ्या घालता आल्या असत्या. कुणी हरकत घेतली नसती. मग पलाऊच्या जहाजात किती माणसं कोंबली, त्यांना खायला काय दिलं, कुणाला कुणी मारलं, याची एक ओळसुद्धा उरली नसती. आरोपीला बोलू दिलं म्हणून साक्षीदारालाही बोलता आलं. वकिलानं उलटतपास घेतला म्हणून त्या साक्षीला वजन आलं. फाशी दिल्यानं मेलेलं माणूस परत येत नाही. पण त्याच्यावर काय गुदरलं ते शपथेवर, तारखेनिशी, विरुद्ध बाजूच्या समोर नोंदलं जातं, आणि ही नोंद पुढं कुणाला नाकारता येत नाही. अपुऱ्या न्यायानंही एवढं काम केलं.

तिसऱ्या दिवशी चांगीला गेलो. दोषींना फाशी इथल्याच तुरुंगात देत. जुन्या तुरुंगाचं दार, भिंतीचा एक तुकडा आणि मनोरे राखून ठेवले आहेत. तिथून हौगांगच्या जपानी दफनभूमीत. 1891 पासूनची ही जागा आता बाग झाली आहे. सगळीकडं सावली. परदेशात विकल्या गेलेल्या गरीब जपानी मुलींच्या लहान लहान शिळा तिथं ओळीनं आहेत. एका कोपऱ्यात चांगीत फाशी गेलेल्या 135 जणांचं स्मारक. त्यांचा सरसेनापती, फील्ड मार्शल तेराउची, त्याचंही स्मारक इथंच आहे. तो आजारी म्हणून 12 सप्टेंबर 1945 ला सिटी हॉलमधल्या शरणागतीच्या कागदावर त्याच्या जागी जनरल इतागाकीनं सही केली. इतागाकी पुढं टोकियोत फासावर गेला. तेराउची खटल्याआधीच, जून 1946 मध्ये, मलायात वारला. 135 जणांच्या त्या स्मारकापुढं मी हात जोडले नाहीत. पण तिथून लगेच निघालेही नाही. त्यांच्याही घरी कुणाची तरी आजी वाट बघत असेल.

शेवटी क्रांजी. उत्तरेला टेकडीवर युद्धस्मशान, खाली हिरवळीवर पांढऱ्या शिळांच्या रांगा. माथ्यावर विमानाच्या पंखासारखं छप्पर आणि त्याखालच्या खांबांवर नावं. ज्यांची थडगी नाहीत अशा 24,000 हून अधिक माणसांची. मागच्या बाजूला आणखी एक स्मारक आहे, सुमारे आठशे जणांचं, बहुतेक भारतीय, ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणं अग्नी दिला.

नावं पलटणींप्रमाणं कोरली आहेत. मी सिंगापूरच्या आजीच्या नवऱ्याचं नाव शोधायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत थांबले. मला त्याचं नाव माहीत नव्हतं. घरात सगळे त्याला तात्या म्हणत. कागदावरचं नाव काय, पलटण कुठली, नंबर काय, हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. सरकारी कागद कधीच गहाळ झाला. आजीला विचारायचं कधी सुचलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षी लिहिल्या, घरची एक राहून गेली.

भाचीनं बाटलीतलं पाणी पुढं केलं. मी मराठी आडनावं शोधायचं सोडून दिलं आणि समोर येईल ते नाव वाचत गेले. खान, सिंग, राम, मुहम्मद, थापा. मोठ्यानं, बेलिफ पुकारतो तसं. ऊन उतरेपर्यंत चार खांब झाले.

सिंगापूरला जाणारी मंडळी आपल्याकडं आता थोडी नाहीत. सहलीतून अर्धा दिवस क्रांजीसाठी काढा. स्टेशन जवळच आहे, तिकीट नाही. आणि तुमच्या घरातलं कुणी त्या लढाईवर गेलं असेल, परत आलेलं असो वा नसो, तर ज्याला आठवतं त्याला आजच विचारा. नाव, गाव, पलटण, नंबर. एवढं लिहून ठेवा.